घर घेणारा, वाळवी आणि तपासनीस

वाळवीविषयी आपल्या देशाचे मन दुहेरी आहे. रानात तिने उभारलेल्या वारुळापुढे आपण हात जोडतो. आदिकवीचे नावच वल्मीकावरून पडले. गोमंतकात वारुळाला रोयण म्हणतात, आणि तेथील सातेरी देवीची पूजा या रोयणीच्या रूपानेच होते. पावसाळ्यात रोयणीवर उगवणारी अळमी तर गोमंतकीयांच्या ताटात मोठ्या मानाने येतात. नागपंचमीला वारुळापुढे दूध ठेवले जाते ते मात्र बांधणारीसाठी नव्हे, आयत्या बिळात येऊन राहणाऱ्या नागोबासाठी. हीच वाळवी घराच्या चौकटीत शिरली की तिच्याविषयीचा सारा आदर नाहीसा होतो. वारूळ रचणारी जात आणि घर पोखरणारी जात नेहमी एकच असते असेही नाही. पण सामान्य गृहस्थाला हा भेद करण्याची सवड नसते, आणि ज्याची तुळई खचली आहे त्याला तो सांगण्यात अर्थही नसतो.

आजचे भाषण वाळवीच्या चरित्राविषयी नाही. ते एका धंद्याविषयी आहे. विकावयाच्या घरात जायचे, त्याच्या जमिनीखाली आणि छपराखाली शिरायचे, लाकूड टोचायचे, ठोकायचे, हुंगायचे, आणि शेवटी कागदावर लिहून द्यायचे की या घराचे लाकूड निरोगी आहे किंवा नाही, असा हा धंदा. तो जगाच्या काही भागांत इतका रुळला आहे की त्याच्या कागदावाचून घराचा सौदा पुरा होत नाही. आपल्याकडे तो अजून पुरता जन्मलेला नाही, असेच म्हणावे लागेल. हा धंदा का निर्माण झाला आणि त्याला कोणत्या अडचणी आल्या, हे मला आपल्यापुढे ठेवायचे आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. वाळवी उजेड आणि कोरडी हवा सहन करू शकत नाही. तिची कातडी पातळ असते आणि उघड्यावर ती थोड्याच वेळात सुकून मरते. म्हणून ती जमिनीतून वर येताना मातीची बंद नळी बांधीत येते, आणि लाकडात शिरल्यावर त्याचा बाहेरचा पापुद्रा शाबूत ठेवून आतले लाकूड खाते. रंग दिलेल्या चौकटीचा रंग तसाच चकचकीत राहतो आणि आत पोकळी असते. लाकूड पचविण्याचे सामर्थ्यही पुष्कळ जातींच्या वाळवीचे स्वतःचे नसते. तिच्या आतड्यात राहणारे सूक्ष्म जीव ते काम करतात, हे अमेरिकन शास्त्रज्ञ एल. आर. क्लीव्हलँड यांनी १९२० नंतरच्या दशकात सिद्ध केले. ते जीव मारून टाकले तर वाळवी लाकूड खात राहते आणि तरीही उपाशी मरते. तात्पर्य असे की, जो मनुष्य वर्षानुवर्षे त्या घरात राहत आहे त्यालाही आपले घर पोखरले गेल्याचे ठाऊक नसते. विकणारा लबाड असतोच असे नाही. पुष्कळदा तो बिचारा घेणाऱ्याइतकाच अज्ञानी असतो, आणि म्हणूनच तिसऱ्या माणसाची गरज लागते.

लाकूड पारखण्याची विद्या मात्र आपल्याकडे फार जुनी आहे. सहाव्या शतकात उज्जयिनीच्या परिसरात होऊन गेलेल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत शयन आणि आसन यांच्या लक्षणांवर एक स्वतंत्र अध्याय आहे. पलंगासाठी कोणती झाडे चांगली, हे तो सांगतो. त्यांत असन, चंदन, देवदार, साल, शिवण, साग, शिसव ही नावे येतात. कोणती झाडे टाळावीत, याचीही यादी आहे. वीज पडून, पाण्याने, वाऱ्याने किंवा हत्तीने पाडलेले झाड, शेंड्याकडून वाळलेले, वेलींनी जखडलेले, मधमाश्यांनी वा पक्ष्यांनी घर केलेले झाड घेऊ नये. यापुढचा भाग खरा नवलाचा आहे. लाकडात आढळणाऱ्या छिद्रांचे तो सहा प्रकार करतो आणि प्रत्येकाला नाव देतो. निष्कुट म्हणजे तोंडाशी अरुंद आणि आत घटासारखे पोकळ, कोलाक्ष म्हणजे पावट्याच्या किंवा उडदाच्या आकाराचे, निळसर, सूकरनयन म्हणजे ओबडधोबड, रंग उडालेले, बोटाच्या दीड पेराएवढे लांब, वत्सनाभ डावीकडे वळलेले आणि फुटलेले, कालक काळे, आणि धुंधुक आरपार गेलेले. कीटकांनी पाडलेले छिद्र शुभ नव्हे, असेही तो निराळे नोंदवतो.

आता या प्रत्येक छिद्राचे फळही तो देतो. एकाने द्रव्यनाश, दुसऱ्याने कुळाचा नाश, तिसऱ्याने शस्त्रभय, अशी ही फळे आहेत. आधुनिक वाचक तेथे हसतो आणि पान उलटतो. मला वाटते, त्याने थोडे थांबावे. फळे बाजूला ठेवली तर उरते ते निरीक्षण पक्के आहे. वाऱ्याने पडलेले किंवा शेंड्यापासून वाळत आलेले झाड बहुधा आधीच आजारी असते, आणि आजारी लाकडात भुंगेरा व बुरशी प्रथम शिरतात. तोंड अरुंद व पोट मोठे असे छिद्र पाहून आतल्या पोकळीचा अंदाज बांधणे, हे तर आजच्या तपासनिसाचेही पहिले काम आहे. याच ग्रंथात मूर्तीसाठी लाकूड आणताना वारुळापाशी वाढलेले झाड वर्ज्य सांगितले आहे, आणि भूमिगत पाण्याचा शोध सांगणाऱ्या दकार्गल प्रकरणात तेच वारूळ पाणी जवळ असल्याची खूण मानले आहे. वाळवी आणि ओल यांचे नाते त्या काळच्या निरीक्षकांना अवगत होते, एवढे यावरून निश्चित दिसते.

ही विद्या पुढे सुताराच्या हातात राहिली. वाड्याचा खांब जमिनीत न पुरता दगडी तळखड्यावर उभा करण्याची आपली रीत, कोकणात घराला दिलेले जांभ्याचे उंच जोते, लाकडाला चोपडलेले बिब्ब्याचे किंवा काजूच्या टरफलाचे तेल, या साऱ्यांत तीच शहाणीव आहे. जुने घर घेताना ओळखीचा सुतार बरोबर न्यावा, त्याने कडीपाटावर ठोकून पाहावे, हेही होत असे. मडकेसुद्धा आपण वाजवून घेतो. पण सुताराचे मत तोंडी असे, त्याला कोणी जबाबदार धरीत नसे, आणि ते त्याच्याबरोबरच जाई.

युरोपियनांना वाळवीची खरी ओळख झाली ती उष्ण देशांत वखारी घातल्यावर. लिनीयस याने तिला शास्त्रीय नाव दिले आणि पूर्वेच्या व पश्चिमेच्या अशा दोन्ही ‘इंडियां’वरील ते सर्वांत मोठे संकट असल्याची नोंद केली. त्याचाच शिष्य योहान गेरहार्ड क्योनिग हा तामीळ किनाऱ्यावरील तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीत वैद्य म्हणून आला होता. वाळवीवरील त्याचा निबंध १७७९ साली बर्लिनमध्ये प्रसिद्ध झाला. तो लिहिला गेला भारताच्या भूमीतल्या वारुळांवरून. दोनच वर्षांनी, १७८१ मध्ये, सिएरा लिओनच्या परिसरात राहून आलेल्या हेन्री स्मिथमन याने सर जोसेफ बँक्स यांना लिहिलेले दीर्घ पत्र लंडनच्या रॉयल सोसायटीने छापले. वाळवीचे सैनिक डोके आपटून इशारा देतात आणि कामकरी सळसळाटाने त्याला उत्तर देतात, हे त्याने कान लावून ऐकले होते. घराच्या खांबातील लाकूड खाताना काही वेळा ती त्या जागी माती भरीत जाते, त्यामुळे खांब उभाच राहतो, अशीही हकीगत तो देतो. अशा घराचा मालक निश्चिंत असला तर त्याला दोष कसा द्यावा?

तोवर हे संकट दूरदेशीचे होते. एकोणिसाव्या शतकात ते जहाजांतून घरी आले. सेंट हेलेना बेटावर १८४० च्या सुमारास गुलामांची वाहतूक करणारे एक पकडलेले जहाज मोडले गेले आणि त्याचे लाकूड जेम्सटाउन शहरात साठविले गेले. त्यातून उतरलेल्या वाळवीने काही वर्षांत त्या शहरातील घरे आणि सरकारी इमारती इतक्या पोखरल्या की पुनर्बांधणीसाठी सागाचा आणि लोखंडाचा आश्रय करावा लागला.

फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील ला रोशेल या बंदराची कथा अधिक बोधक आहे. तेथील प्रांताधिकाऱ्याची कचेरी आणि शस्त्रागार यांत वाळवी शिरली होती. निसर्गशास्त्रज्ञ आर्मां द कात्रफाज यांनी तेथे जाऊन तिचा अभ्यास केला आणि १८५३ मध्ये तो प्रसिद्ध केला. कचेरीतील दप्तरखान्याचे कागद वाळवीने खाल्ले होते; आणि खाताना गठ्ठ्यांचे वरचे कागद व कडा तिने तशाच ठेवल्या होत्या, म्हणून बाहेरून कोणाला काही कळले नव्हते. पुढे तेथील कागद जस्ताच्या पेट्यांत ठेवू लागले. कात्रफाज यांनी निरनिराळे विषारी वायू सोडून तिला मारण्याचे प्रयोगही केले. आपल्याकडे मोडी दप्तरांची रुमाले सोडताना ज्यांच्या हाती कागदाऐवजी मातीचा चुरा आला आहे, त्यांना ला रोशेलच्या कारकुनांची अवस्था समजावून सांगण्याची गरज नाही.

ही वाळवी मूळची कोठली, हा वाद पुढे दीडशे वर्षे चालला. १९२४ मध्ये फेतो या फ्रेंच संशोधकाने तिला त्या प्रदेशाचे नाव देऊन तेथलीच मानले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी आनुवंशिक परीक्षेने असे ठरले की, ती उत्तर अमेरिकेतलीच एक जात आहे. गंमत अशी की, त्या अमेरिकन जातीचे पहिले शास्त्रीय वर्णनही १८३७ साली अमेरिकेत नव्हे, तर व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्यातील काचगृहांत सापडलेल्या नमुन्यांवरून झाले होते. लाकूड व कुंड्यांतली माती जगभर हलू लागली, तेव्हा वाळवीही प्रवासी झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर अतिपूर्वेकडून परतणाऱ्या जहाजांबरोबर तैवानात प्रथम वर्णिलेली एक उग्र जात अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर उतरली. १९६५ मध्ये ती ह्यूस्टनला आणि १९६६ मध्ये न्यू ऑर्लिन्सला ओळखली गेली.

परंतु तपासनिसाचा धंदा कायद्याच्या चौकटीत आला तो कॅलिफोर्नियात, आणि तेथे तो का यावा हे समजणे कठीण नाही. तेथील घर म्हणजे लाकडी सांगाडा. जमीन आणि लाकडी तळ यांच्यामध्ये माणूस सरपटत जाईल एवढीच पोकळी. पहिल्या महायुद्धानंतर अशी घरे झपाट्याने उठली, हातोहात विकली गेली, आणि काही वर्षांतच त्यांच्या तळाशी मातीच्या नळ्या दिसू लागल्या. भीती पसरली की तिच्यावर उपाय विकणारेही मागोमाग येतात. ज्याच्यापाशी फवारा तो तज्ज्ञ, अशी स्थिती झाली. १९२८ मध्ये लाकडावर अवलंबून असलेल्या उद्योगांच्या साहाय्याने वाळवीच्या संशोधनासाठी एक समिती स्थापन झाली. बर्कले येथील प्राणिशास्त्राचे प्राध्यापक चार्ल्स कोफॉइड हे तिचे नेतृत्व करीत होते. फिलिपाइन्समध्ये आणि चीनमध्ये काम केलेले एस. एफ. लाइट हे त्यांचे सहकारी. या समितीचा मोठा ग्रंथ १९३४ साली प्रसिद्ध झाला आणि लगेच पुढल्या वर्षी, १९३५ मध्ये, इमारतींतील कीडनियंत्रणाचा धंदा परवान्याखाली आणणारा कायदा कॅलिफोर्नियाने केला. त्यासाठी एक मंडळही नेमले गेले, आणि ते आजही काम करीत आहे.

या व्यवस्थेतून जो अहवाल तयार होतो तो पाहण्यासारखा असतो. त्यात घराचा आराखडा काढावा लागतो आणि कोठे काय आढळले याच्या खुणा त्यावर कराव्या लागतात. केवळ वाळवी नव्हे, तर लाकूड खाणारे भुंगेरे आणि लाकूड कुजविणारी बुरशीही त्यात येते. प्रत्यक्ष कीड किंवा कुज दिसली तर ती एका विभागात. कीड अजून नाही पण जमिनीला टेकलेले लाकूड, गळका नळ, तळाशी पडलेल्या ढलप्या यांमुळे ती येण्याचा संभव आहे, हे दुसऱ्या विभागात. आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती तिसरी गोष्ट: जेथे तपासनीस पोचू शकला नाही ती जागा त्याने लिहून द्यावी लागते. भिंतीच्या आत काय आहे हे मी पाहिलेले नाही, असे कागदावर कबूल करणारा जाणकार विरळा. गेल्या दोन वर्षांतील अशा अहवालांच्या प्रती मंडळाकडून कोणालाही मागविता येतात. घर विकण्यापूर्वी तपासणी केलीच पाहिजे, असे तो कायदा म्हणत नाही. तो आग्रह धरला कर्ज देणाऱ्यांनी. १९४४ च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्या अमेरिकन सैनिकांना सरकारी हमीवर घरासाठी कर्ज मिळू लागले. आणि ज्याची हमी घ्यायची ते घर आतून पोकळ नाही ना, हे पाहणे सरकारी खात्यांना आणि पेढ्यांना भाग पडले.

तपासनिसाची हत्यारे साधी आहेत. विजेरी, टोकदार दाभणासारखे एक साधन, हातोडी, लाकडातील ओल मोजणारे एक छोटे यंत्र. खिडकीच्या कट्ट्यावर पडलेले पंख हे उडत्या वाळवीचा थवा घरातून निघाल्याचे किंवा घरात आल्याचे चिन्ह. कोरड्या लाकडात राहणारी वाळवी मातीच्या नळ्या बांधीत नाही. तिची ओळख पटते ती विष्ठेच्या बारीक कणांवरून. भिंगाखाली या कणांना सहा बाजू दिसतात. भुंगेऱ्याचा भुसा मात्र पिठासारखा मऊ असतो. वासावरून वाळवी शोधणारी कुत्री, लाकडातला आवाज टिपणारी यंत्रे, उष्णता दाखविणारे कॅमेरे हे सारे पुढे आले. त्यांनी मदत झाली, पण दाभणाची सुट्टी झाली नाही.

या पद्धतीत एक जुने दुखणे मात्र राहिले. कॅलिफोर्नियात जो तपासतो तोच बहुधा उपायही करतो. त्याने कीड शोधली तर त्याला काम मिळते. प्रामाणिक माणसेही या मोहापासून मुक्त राहतील, असा भरवसा कोणी द्यावा? शिवाय उपाय म्हणजे त्या काळी घराखालच्या मातीत क्लोरडेनसारखी विषे ओतणे. ती टिकाऊ म्हणून नावाजली गेली आणि त्या टिकाऊपणामुळेच पुढे माणसांना व प्राण्यांना घातक ठरली. अमेरिकेत क्लोरडेनची विक्री १९८८ मध्ये थांबविण्यात आली, भारतातही या वर्गातील विषांवर कालांतराने बंदी आली. अनावश्यक तपासणीने पैसाच जातो. अनावश्यक उपायाने घरातल्या मुलांच्या आरोग्याला धोका होतो.

फ्रान्सने हा प्रश्न निराळ्या मार्गाने सोडविला. तेथील दिवाणी संहितेने १८०४ पासूनच विक्रेत्याला मालातल्या गुप्त दोषांबद्दल जबाबदार धरले होते. ८ जून १९९९ च्या कायद्याने त्याला वाळवीची जोड मिळाली. घरात वाळवी आढळली तर ती नगरपालिकेला कळविणे बंधनकारक झाले. प्रांताधिकाऱ्याने जो प्रदेश वाळवीग्रस्त ठरविला असेल तेथे घर विकताना ताजा तपासणी अहवाल जोडावा लागतो. आरंभी त्याची मुदत तीन महिने होती, पुढे ती सहा महिने झाली. अहवाल नसेल तर गुप्त दोषाच्या जबाबदारीतून विक्रेता सुटू शकत नाही. आणि तपासणी करणाऱ्याने वाळवी मारण्याचा धंदा करता कामा नये, असे त्या कायद्याने स्पष्ट सांगितले. कॅलिफोर्नियाचा अहवाल अधिक तपशीलवार असेल. मला तरी फ्रेंचांचे हे एक कलम त्याहून मोलाचे वाटते.

आता आपल्या देशाकडे वळू. १९५५ मध्ये कीटकशास्त्रज्ञ एम. एल. रूनवाल यांनी एका परदेशी नियतकालिकात एक छोटेसे टिपण लिहिले. त्याचा विषय होता पंजाबातील गुरदासपूर जिल्ह्यातील श्री हरगोबिंदपूर हे गाव. बियास नदीकाठचे, शीख गुरूंनी वसविलेले हे गाव वाळवी उद्ध्वस्त करीत असल्याची ती नोंद होती. रूनवाल पुढे भारतीय प्राणिसर्वेक्षणाचे संचालक झाले आणि भारतातील वाळवीच्या जातींचे पद्धतशीर वर्णन हे त्यांचे व त्यांच्या सहकाऱ्यांचे आयुष्यभराचे काम ठरले. १९७१ मध्ये भारतीय मानक संस्थेने इमारतींना वाळवीपासून वाचविण्याची संहिता तीन भागांत काढली. पहिला भाग बांधकामातील काळजीचा, दुसरा बांधण्यापूर्वी जमिनीवर करावयाच्या रासायनिक उपायांचा, आणि तिसरा उभ्या असलेल्या इमारतींचा. पहिला भाग वाचताना तळखड्यावर खांब उभा करणाऱ्या जुन्या गवंड्यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

मात्र घर विकताना वाळवीचा दाखला देण्याचे बंधन आपल्याकडे नाही. आहे ते १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे पंचावन्नावे कलम. मालमत्तेतील जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला ठाऊक नाही, आणि साधारण काळजी घेऊनही घेणाऱ्याच्या ध्यानात येणार नाही, तो विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे, असे ते कलम म्हणते. वाळवी लागलेल्या तुळईला हे वर्णन किती नेमके बसते! पण त्यातला पहिलाच शब्द अडतो. विकणाऱ्याला दोष ठाऊक असला पाहिजे. आणि रंगाच्या पापुद्र्याआड काय चालले आहे ते त्याला ठाऊक नसते, किंवा तसे तो सहज म्हणू शकतो. आजही आपल्या शहरांत जुनी सदनिका किंवा गावाकडचे घर घेणारा गृहस्थ पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावतो. तो फुकट पाहणी करतो, मान हलवतो, आणि त्याच कागदावर उपायाचा खर्च लिहून देतो.